मिडब्रेन आधीच चालू आहे, ताई

ताई, निपाणीहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुलांचा मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, दोन दिवसांत 'चालू' करून देतो म्हणणाऱ्या मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासवरचा माझा लेख तुम्हाला एकांगी वाटला. तुमची सहावीतली मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्याचा रंग ओळखते, हे तुम्ही समोर बसून पाहिलंय. एफए-वनला, म्हणजे शाळेतल्या पहिल्या चाचणीला, तिचे गुण घसरले म्हणून क्लास लावला आणि पुढच्या परीक्षेत ते वाढले. वर तुमचा प्रश्न, की डाव्या-उजव्या मेंदूच्या शोधाला नोबेल मिळालंय, ते काय उगाच? धाकट्यालाही आता त्याच क्लासला घालायचा विचार आहे, असंही लिहिलंय.

नोबेलचं आधी उरकतो. ते मेंदूचे संशोधक रॉजर स्पेरी यांना १९८१ साली मिळालं आणि योग्यच मिळालं. पण त्यांनी तपासलेली माणसं कोण होती? औषधांना दाद न देणाऱ्या फिट्सचे रुग्ण. फिट एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून सर्जननी त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोसम, कापला होता. त्या पट्ट्यात सुमारे वीस कोटी तंतू असतात. अशा रुग्णाची नजर मधोमध खिळवून डाव्या बाजूला क्षणभर चमच्याचं चित्र दाखवलं तर तो म्हणायचा, काही दिसलं नाही. आणि त्याचाच डावा हात पडद्याआडच्या वस्तू चाचपून नेमका चमचा उचलायचा. चित्र उजव्या अर्धगोलात पोचलं होतं, बोलणारा अर्धगोल डावा. विलक्षण काम आहे, पण ते जोडणी तुटलेल्या मेंदूवरचं. तुमच्या मुलीची जोडणी शाबूत आहे. २०१३ साली अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १,०११ जणांचे मेंदू स्कॅनवर तपासले. काही कामं एका बाजूला जास्त चालतात हे दिसलं, पण 'हा डाव्या मेंदूचा, ती उजव्या मेंदूची' अशी माणसं काही सापडली नाहीत. क्लासच्या पत्रकात 'भाषा डावीकडे, कला उजवीकडे' असं छापलेलं असतं. आपल्याकडची पोरं घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीपुढे हिंदी बोलतात. लहानपणापासून शिकलेल्या या भाषा बहुतांशी डावीकडच्या एकाच जाळ्यावर चालतात, पण आत्याबाईंचा टोमणा आवाजाच्या चढउतारावरून ओळखायला उजवी बाजू लागतेच.

आता मिडब्रेन. माझा खरा आक्षेप इथे आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याला उत्तर नाही. मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा सगळ्यात वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. अंगणात काही हललं की विचार करायच्या आत नजर तिकडे वळते, त्यामागे तो असतो. कानातून आलेले संदेश त्याच्यातूनच वर जातात. डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा एक काळसर पट्टा इथेच आहे आणि त्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो, हात थरथरतात. आपल्याला जागं ठेवणाऱ्या जाळ्याचा मोठा भागही इथलाच, त्याला जबर इजा झाली तर माणूस कोमात जातो.

हायवेवर अपघात झालेल्या माणसाच्या डोळ्यांत डॉक्टर टॉर्च मारतात ना, तेव्हा ते मध्यमेंदूच तपासत असतात. घरीही बघता येईल. संध्याकाळी मुलीला दिव्यासमोर बसवा, दोन्ही डोळे हातांनी झाकायला सांगा आणि थोड्या वेळानं हात काढताना तिची बाहुली बघा. चटकन बारीक होईल. झाला मिडब्रेन ॲक्टिव्हेट, फी नाही. जो भाग जन्मापासून अखंड चालू आहे तो दोन दिवसांत कुणी 'चालू' करून देतो म्हणजे काय करतो, हे मला अजून कुठल्याही क्लासवाल्यानं सांगितलेलं नाही.

'मी डोळ्यांनी पाहिलं' याबद्दल. खानापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयातला डेमो मीही पाहिलाय. मुलं पत्ता नाकाशी नेतात, वास घेतल्यासारखं करतात, मान किंचित वर करतात आणि पत्ता छातीच्या उंचीवर आणून फिरवतात. नाक उंच असल्यामुळे पट्टीखाली दोन्ही बाजूंना फट राहते आणि तिथून खालचं नीट दिसतं. कार्यक्रम संपल्यावर नळावर पाणी पिणाऱ्या एका पोराला सहज विचारलं तर म्हणाला, "नाकाकडनं दिसतंय की ओ. सांगायचं नाही म्हटलंय."

मुलांना मी खोटारडं म्हटलेलं नाही, लेख पुन्हा बघा. मोठी माणसं सांगतात, हळूहळू उजेड दिसेल. फटीतून उजेड दिसतोच. त्याला 'मिडब्रेन' म्हणायचं हे मोठ्यांनी शिकवलेलं असतं. टाळ्या पडतात, आईच्या डोळ्यांत पाणी येतं, अकरा वर्षांचं पोर मग मागे कसं फिरणार?

कुणी लबाडी न करताही फसगत होऊ शकते. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुर आपटून गणितं सोडवायचा. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीलाही त्यात लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं असं केलं, की उत्तर ठाऊक नसलेल्या माणसानं प्रश्न विचारायचा. घोडा चुकायला लागला. विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीक हालचाल बघून तो थांबत होता आणि मालकाला याचा पत्ताही नव्हता.

गुण वाढले हे मी मानतो. पण घसरलेल्या चाचणीनंतर क्लास लावला तर पुढचे गुण बरेचदा आपोआपच नेहमीच्या पातळीवर येतात. एखादी परीक्षा वाईट गेली म्हणजे पुढचीही तितकीच वाईट जाईल असं नसतं. शिवाय अपेक्षेचा परिणाम आहे. रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शिक्षकांना काही मुलांची नावं 'ही चमकणार' म्हणून दिली होती. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली, तरी पहिली-दुसरीतली ती मुलं जास्त पुढे गेली. परिणाम किती मोठा यावर पुढे बरीच भांडणं झाली, पण घरात सगळे 'आता हिचा मेंदू उघडलाय' म्हणून बघायला लागले, तर मुलगी पुस्तक घेऊन बसणारच. श्वासाचे व्यायाम आणि मोबाइलविना गेलेले तास यांचाही वाटा असेल. यातलं काहीच पट्टीवर अवलंबून नाही.

तपासायचंच असेल तर असं करा. पट्टी तीच ठेवा, नाकाच्या दोन्ही बाजूंना कापूस भरून चिकटपट्टी लावा आणि पत्ता तिच्या कपाळाच्या उंचीवर धरा. पत्ता तुम्हीही आधी बघू नका. एकटीलाच बसवा, पाहुणे नकोत, आणि चुकली तर विषय तिथेच सोडा.

धाकट्याचं म्हणाल तर घालू नका. तिथले स्मरणशक्तीचे खेळ आवडले असतील तर फक्त तेवढेच, पट्टीविना शिकवाल का, असं सरांना विचारा आणि काय म्हणतात ते इथे लिहा.