पतंग खरा, पण ‘बग’ त्याहून जुना

लेख आवडला, पण त्यातलं ‘बग (संगणकातला दोष; इंग्रजीत मूळ अर्थ किडा) हा शब्द हार्वर्ड मार्क २ या जुन्या संगणकात सापडलेल्या पतंग या किड्यामुळे जन्माला आला’ हे वाक्य खटकलं. ९ सप्टेंबर १९४७ रोजी पॅनेल एफच्या ७० नंबरच्या रिलेत (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचमध्ये) पतंग सापडला, हे खरं. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि खाली लिहिलं, ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ’. शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणूनच ना हा विनोद? एडिसनने तर १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या खोडीसाठी हाच शब्द वापरलाय. आणि पतंग संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी पकडला नव्हता. त्या किस्सा रंगवून सांगत, एवढंच.

मी जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिले सांभाळलेत. किडे क्वचितच निघायचे. त्रास खरा धुळीचा, पावसाळ्यात गंजाचा. दोन संपर्कांमध्ये कणभर कचरा अडकला की सर्किट जुळत नसे, आणि दोष कधी दिसे, कधी नाही. कागदाची पट्टी मधून ओढून संपर्क पुसायचो. हजारो रिलेंच्या मार्क २ वर हे करणाऱ्यांची मला खरंच कीव येते!