एक कॉट रिकामी आहे

आमच्या घरात पोरांवर काही लादत नाहीत. बाबा हे भेटेल त्याला सांगतात, "आम्ही फुल फ्रीडम दिलंय बरं का, त्याला हवं ते करू दे, फक्त सायन्स घे म्हटलं, म्हणजे पुढचे सगळे रस्ते मोकळे राहतात." राहिले ना, इतके मोकळे राहिले की मी अजून चौकातच उभा आहे.

खरं तर आमच्या बॅचला सरकारनेच रस्ता दाखवलेला. 2017 ची दहावी आमची, तेव्हा कल चाचणी असायची, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून प्रश्नांवर क्लिक करत जायचं. कृषी, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती आणि माझा कल निघाला ललित कला! आईने तो कागद नीट वाचला, घडी घातली आणि लाइटबिलाच्या फायलीत ठेवून दिला. माझ्या बेंचवरच्या पार्टनरचा गणवेशधारी सेवेकडे निघाला तर त्याचे आजोबा म्हणाले, म्हणजे वॉचमन?

मग निकालानंतर पेढे खायला नातेवाईक आले. हे लोक पेढा एक खातात आणि सल्ले चार देतात. मामा म्हणाला डिप्लोमाला टाका, डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जातो, बारावीची कटकटच नको (मामा तसाच गेलेला). आत्याचं म्हणणं डीएड कर, दोन वर्षांत नोकरी. आता सरकारने शिक्षकभरती 2012 लाच थांबवलेली, पण आत्याला ऑर्डर आलेली नव्वदच्या दशकात आणि तिचं कॅलेंडर तिथंच अडकलंय, त्याला ती तरी काय करणार. शेजारचे काका तर पोराला लातूरला धाडा म्हणून हटूनच बसले. त्यांचा मुलगा लातूरला होता, डॉक्टर नाही झाला, पण ते पेढे खाताना कोण विचारतंय.

बाबा मात्र शांत. "सगळ्यांचं ऐकावं आणि आपल्या मनाचं करावं," असं म्हणून त्यांनी त्यांच्या मनाचं केलं आणि सायन्सचा फॉर्म आणला.

उरलेलं काम मित्रांनी केलं. मी बायो सोडलं कारण पार्टनरने सोडलं, आणि त्याने का सोडलं तर त्याला वाटलं मी सोडतोय. हे आम्हाला बारावीच्या सेंडऑफला कळलं, तोवर दोघंही सीईटीला मॅथ्समध्ये मार खायला तयार झालेलो. मेकॅनिकल सुद्धा असंच, अख्खा ग्रुप मेकॅनिकल म्हणत होता म्हणून.

2023 ला डिग्री हातात आली आणि नोकरीची शोधाशोध चाललेली, तेवढ्यात एका मित्राचा सदाशिव पेठेतून फोन. म्हणे ये की पुण्याला, एमपीएससी कर, तुझ्यात अधिकारी व्हायचं मटेरियल आहे. मोठी उत्तरं लिहायचा तो नवा वर्णनात्मक पॅटर्न पण पोरांनी आंदोलन करून 2025 वर ढकललाय, हीच वेळ आहे! माझ्याबद्दल इतकं चांगलं घरातलं कोणी बोललेलं नव्हतं, मी भारावलोच, बॅगच भरली. बाबा तर माझ्याआधी तयार, कारण त्यांच्या ऑफिसातल्या साहेबाची पोरगी नुकतीच एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक झालेली.

रूमवर पोचलो तर चार कॉट, तीन माणसं. चौथा आदल्याच आठवड्यात गावी निघून गेलेला, आणि भाडं तिघांत परवडत नव्हतं. माझ्यातलं मटेरियल ते हे! कॉट बाथरूमच्या दाराला खेटून, एक पाय मोडका, त्याखाली चालू घडामोडींचे जुने अंक रचलेले. त्यावर झोपून राज्यघटनेची कलमं पाठ करायची, सकाळी अभ्यासिकेत पंख्याखालची जागा धरायला पळायचं, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर कटऑफ किती लागेल यावर अभ्यासापेक्षा जास्त वेळ बोलायचं.

परवा ज्याने मला बोलावलेलं तोच सिलेक्ट झाला, मंत्रालयात एएसओ, म्हणजे सहायक कक्ष अधिकारी. पार्टी झाली, रडारड झाली, आणि दुसऱ्या दिवशी मालक जिन्यात उभे, भाडं तेवढंच राहील म्हणाले.

काल मामाच्या पोराचा फोन आला. यंदा बीकॉम संपलं त्याचं, त्याला बेकरी टाकायची आहे, पाव बनवतो पण मस्त. "दादा, घरचे एमपीएससी कर म्हणतायत, तुला काय वाटतं?"

मी कॉटकडे बघितलं. म्हटलं, "खरं सांगू का, तुझ्यात मटेरियल आहे. एक तारखेच्या आत ये फक्त."