तिशीच्या आत रक्तदाब मोजायचाच नाही?

‘उच्च रक्तदाब हा चाळिशीनंतरचा आजार आहे, तो वाढला की डोके दुखते, वरून मीठ न घेणाऱ्याला आणि व्यायाम करणाऱ्याला त्याची धास्ती नको, घराण्यातच असेल तर पथ्य व्यर्थ आहे,’ असा एक संदेश सध्या फिरतो आहे.

वयाबरोबर धोका वाढतो, हे खरेच. मात्र अमेरिकेत १९८५-८६ साली १८ ते ३० वयाच्या तरुणांना घेऊन सुरू झालेल्या ‘कार्डिया’ अभ्यासात, ज्यांचा रक्तदाब चाळिशीच्या आतच वाढलेला होता, त्यांच्यात पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळले. डोकेदुखीचे म्हणाल, तर बहुतेकांना कसलाच त्रास होत नाही आणि म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षे दडून राहतो.

मिठाबद्दलचा दावा सर्वांत फसवा आहे, कारण तो अर्धा खरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही न भरेल इतके मीठ सुचवले आहे. ब्रेड, सॉस, चिप्स, झटपट नूडल्स यांतले मीठ मीठदाणीला हात न लावताही पोटात जाते. पाकिटावर बहुधा मीठ नव्हे, सोडियम छापलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणावे: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

व्यायामाने रक्तदाब उतरतो, पण रोजची अपुरी झोप, मद्य आणि वाढलेले वजन यांची भरपाई त्यातून होतेच असे नाही. (स्नायू फुगवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडे तर तो उलट वाढवतात.) आनुवंशिकतेचा मुद्दा तर उलटाच लावला आहे: आईवडिलांना हा आजार असेल, तर पथ्य अधिक लवकर सुरू करायला हवे. जादा वजनातला एक किलो घटला, तरी रक्तदाबाच्या दोन आकड्यांपैकी वरचा आकडा सरासरी एका अंकाने उतरतो.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी आणि धूम्रपान टाळावे, पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधून हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मोजताना बोलू नये. एका चढ्या आकड्यावरून निदान होत नाही; वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर मात्र डॉक्टरांकडे जावे. तरुण वयात तो फारच चढा असेल, तर डॉक्टर मूत्रपिंडाचे विकार, संप्रेरकांचे दोष आणि चालू असलेली औषधेही तपासतात.