जमिनीचा कागद जपला, बोलाचालीचा बंबात गेला

मे महिन्यात आप्पामामाचा फोन आला. आजोळचा वाडा उतरवायला घेतलाय, माळ्यावरचा पेटारा खाली काढलाय. "तुला ते मोडी वाचता येतंय न्हवं, एकदा येऊन बघ की. जमिनीचं काय असंल तर बाजूला काढ. बाकीचं बंबात घालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावहून निपाणीची बस पकडली.

आजोळी एके काळी देसगत, म्हणजे देसाईपणाचं वतन, होती. मोठी नव्हे, चार गावांची. पण पेशव्यांच्या दरबारात आपला माणूस ठेवण्याइतकी होती. पेटाऱ्यात रुमाल होते. दफ्तराच्या भाषेत रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. मामाच्या लहानपणी असे वीसेक तरी होते म्हणे. माझ्या हाती आले अकरा. बाकीचे कुठे गेले ते मामीने सांगितलं, आणि सांगताना तिलाच वाईट वाटत होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. सनदा मात्र एकूण एक शाबूत. वाटणीच्या दाव्यात लागतील म्हणून मामेभावाने त्या लॅमिनेट करून घेतल्या होत्या. हातकागद एकदा त्या प्लॅस्टिकमध्ये भाजून काढला की तो परत मोकळा करता येत नाही. त्याने प्रेमापोटीच केलं, पण मला ते बघवलं नाही.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आमच्या भागातल्या जुन्या घरांनी जमिनीचा कागद जीव लावून जपला आणि बोलाचालीचा कागद जाऊ दिला. सनद, इनामपत्र, वाटणीपत्र राहिलं. वकिलाची पत्रं गेली. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबारातला. पुण्याला, कोल्हापूरला, हैदराबादेला राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा, तिथल्या बातम्या कळवणारा माणूस. आजच्या शब्दांत राजदूतच.

असं का झालं, याची कारणं आपल्याच इतिहासात आहेत. दक्षिण महाराष्ट्र म्हणून इंग्रज ज्याला ओळखत त्या आपल्या मुलखात १८४३ पासून इनामांची तपासणी सुरू झाली, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले. पुरावा दाखवायचा इनामदाराने, नाहीतर इनाम खालसा, म्हणजे सरकारजमा. तेव्हापासून घराघरांत कागदाची किंमत एकाच मापाने ठरू लागली: हा साहेबासमोर चालेल का? पुढे कूळकायदा आला, वतनं गेली, कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यात १९७४ ची दुरुस्ती आली. दर वेळी पेटारा उघडला तो जमिनीसाठीच. पुण्यात कोण कुणाला भेटलं हे सांगणाऱ्या पत्राचा कुठल्याच कचेरीत उपयोग नव्हता.

आणि भीतीही होती. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे आठवा. दत्तकाला इंग्रजांनी परवानगी नाकारलेली, मनात आग. त्यांनी रामदुर्गच्या आपल्या सावत्र भावाला लिहिलेलं पत्र त्या भावाने पोलिटिकल एजंट मॅन्सनच्या हाती दिलं, असं मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेलं आहे. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबानला मॅन्सन मारला गेला, आणि १२ जूनला बाबासाहेबांना आपल्या बेळगावात फाशी झाली. असा प्रसंग शेजारी घडल्यावर कुठला देसाई जुनी पत्रं उघड्यावर ठेवील?

पण इंग्रजांनी आपला प्रत्येक कागद ठेवला. त्यांचा सेनापती वेलस्लीची १८०३ ची पत्रं छापून निघाली, त्यात आपले निपाणीचे आप्पा देसाई, म्हणजे सिद्धोजीराव निंबाळकर, वारंवार भेटतात. ते फौज घेऊन कधी येणार, त्यांच्यावर भरवसा किती ठेवायचा, सगळं वेलस्लीच्या नजरेतून. आप्पा देसाई वेलस्लीला काय समजत होते हे वाचायचं असेल तर मिळत नाही. आपली माणसं आपल्याला परक्याच्या डाकेतून ओळखावी लागतात, हे मला फार लागतं.

उलटं उदाहरणही इथलंच आहे. मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांना पटवर्धन सरदारांची दफ्तरं बघायला मिळाली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड निघू लागले. पटवर्धन म्हटलं की आपल्याला तलवारी आठवतात. पण त्या खंडांत निम्मं जग बोलण्याचं आहे: कुणाची समजूत कशी काढली, कुणाला किती वेळ बाहेर बसवून ठेवलं, छावणीत दाणा काय भावाने मिळतो. परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना पडले. माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर, तरी पट्टणकुडीची लढाई मला गावात कुणी सांगितली नाही. ती मी छापील पानांत वाचली, कारण मिरजेच्या कुणीतरी दफ्तराची गाठ सोडू दिली होती.

आता आमच्या रुमालाबद्दल. सहाव्या रुमालात पुण्याहून आलेलं एक लांब पत्र आहे, बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या पट्टीला पट्टी, चिकटवलेलं. साल ‘सलास समानीन मया व अलफ’, म्हणजे मराठी दफ्तरातल्या शुहूर सनाचं ११८३, म्हणजे आपलं १७८२-८३. इंग्रज-मराठ्यांमधल्या सालबाईच्या तहाचं वर्ष. पण आमच्या वकिलाला त्या मोठ्या तहापेक्षा आमच्या दोन गावांवरची जप्ती उठवण्याची काळजी. अकरा दिवस तो कारभाऱ्यांच्या दारी जातोय आणि भेट होत नाहीये. शेवटी होते, तीही उभ्या उभ्या. खाली खर्चाची याद: वस्त्रं, पानसुपारी, आणि ‘अंतस्थ’ म्हणून एक रक्कम. कुणाला दिली त्याचं नाव नाही. अंतस्थ म्हणजे गुपचूप द्यायचे पैसे, हे मला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. इतकं जिवंत पत्र मी आजवर हातात धरलं नव्हतं. मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "अकरा दिवस? बिचारा."

त्याच पत्रात जमीन कुरगीत मोजलेली आहे आणि एकाच ओळीत पाटील आहे नि गौडाही. लिपी मोडी, भाषा मराठी, माप कानडी. पेशव्यांशी, पटवर्धनांशी व्यवहार ठेवणाऱ्या कानडी देसायांनाही मोडीतच लिहावं लागे. म्हणून हे कागद सीमावादातला पुरावा म्हणून फडकवायला माझा ठाम विरोध आहे. मी मराठी शाळेत शिकले, १ नोव्हेंबरला आमच्या घरी काळा दिवस पाळतात, माझी बाजू मला माहीत आहे आणि मी ती लपवत नाही. पण ज्या दिवशी हे रुमाल ‘आपला पुरावा’ आणि ‘त्यांचा पुरावा’ होतील, त्या दिवशी उरलेली घरंही आपले पेटारे कुलूपबंद करतील. मामाला हीच भीती आहे. कोल्हापूरला दिले तर इकडचे काय म्हणतील, धारवाडला दिले तर घरातलेच काय म्हणतील.

मी त्याला म्हटलं, मूळ कागद आत्ता कुठेच देऊ नकोस. आधी फोटो काढू. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आणि रुमालातला क्रम न मोडता, कारण कुठला कागद कुणाशेजारी बांधला होता यावरूनही अर्धी गोष्ट कळते. चिकटलेले बंद ओढायचे नाहीत. सेलोटेप लावायचा नाही. काजळाची शाई दोनशे वर्षं फिकी पडत नाही, पण पाण्याने जाते, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं नाही. मग ते फोटो दोन्हीकडे देऊ, कोल्हापूरलाही आणि धारवाडलाही. वाचणारा मराठी असो की कानडी, त्याने वाचावं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रामदुर्ग इथल्या ज्या घरांत अजून असे पेटारे असतील त्यांना हात जोडून विनंती आहे: जमिनीचं नसलेलं काही फेकू नका. लिपी कळत नसेल तर मला मेसेज करा. मी रविवारी मोकळी असते, घरी येऊन वाचून देईन, एक पैसा नको. तुमच्या परवानगीशिवाय फोटो काढणार नाही.

आमचे सात रुमाल वाचून झाले, चार राहिलेत. त्या अकरा दिवसांच्या पत्राच्या शेवटी वकिलाने लिहिलंय की भेटीत खरं काय बोलणं झालं ते पुरवणीपत्री अलाहिदा लिहिलं आहे. पुरवणी म्हणजे सोबतची वेगळी चिठी, नाजूक मजकूर तिच्यात असे. ती सहाव्या रुमालात नाही, सातव्यातही नाही. येत्या रविवारी आठवा सोडायचा आहे. मामाने सांगितलंय, मी येईपर्यंत गाठीला कुणी हात लावायचा नाही.