जामीन झाला, जामीनदार कुठाय?

नाशिकरोडच्या बिटको चौकातून जेलरोडकडे वळलं की एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर आमचा कट्टा भरतो. परवा संद्या आला तो तापूनच. त्याची मोटारसायकल चोरणारा पोरगा जामिनावर सुटला होता.

"गाडीचे हप्ते मी भरतोय आणि तो घरी बसून जेवतोय! ठेवा ना आत, निकाल लागेपर्यंत."

"आत जागा कुठाय?" पक्या म्हणाला. पक्या वकिलाकडे क्लार्क आहे, त्याचा दिवस जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात जातो आणि आकडे त्याला पाढ्यांसारखे पाठ. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, म्हणजे शंभराच्या जागेत १३१. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही.

"कच्चा म्हणजे काय निर्दोष झाला का रे?"

"दोषीही नाही झाला. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. खटला चार वर्षं चालला आणि सगळा वेळ तो आतच राहिला, तर जादाचं वर्ष कोणाच्या खात्यात टाकायचं?"

मास्तर इतका वेळ चहा फुंकत होते. ते म्हणाले, "हे आजचं नाही. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे बिहारचे असलेच कैदी आले होते. गुन्ह्याला असलेल्या शिक्षेपेक्षा जास्त काळ आत, तेही खटल्याविना. आता निदान कायदा तरी सुधारला. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की जामीन. तो अर्जही तुरुंग अधीक्षकानेच कोर्टात करायचा."

"पुढचं पोटकलम वाचलं का, मास्तर? एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. गाडीचोर सापडला की चार गाड्यांचे चार गुन्हे दाखल. गेला तुमचा एक तृतीयांश."

"अरे, चार गाड्या चोरल्या तर चारच गुन्हे लागणार ना!" संद्या ओरडला.

यावर पक्याकडे उत्तर नव्हतं. संद्याला आम्ही तापट म्हणून मोडीत काढतो, पण हा मुद्दा त्याचाच होता.

मग बाळू बोलला. बाळूची रिक्षा नाशिकरोड स्टेशनला लागते. कैद्यांच्या मुलाखतीला येणाऱ्या बायाबापड्यांना जेलच्या गेटवर तोच सोडतो, त्यामुळे कायदा नसला तरी माणसं त्याला ठाऊक. "एक मावशी यायची. पोराचा जामीन मंजूर होता, पंधरा हजाराचा. पोरगा आतच. घर भाड्याचं, सातबारा नाही, पगाराची पावती देईल असं कोणी नाही. जामीन राहणार कोण?"

माझ्या मते चर्चा खरी इथे सुरू झाली. न्यायाधीश 'सोडा' म्हणतो आणि माणूस सुटत नाही, कारण त्याच्या ओळखीत ऐपतदार कोणी नाही. ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, गणगोत गरीब असल्याची आहे. पैसेवाल्याला ही अडचण माहीतसुद्धा नसते.

पक्याने आणखी सांगितलं. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने बजावलंय की जामीन मंजूर होऊन महिन्याभरात माणूस सुटला नाही, तर अट सैल करता येईल का हे कोर्टाने स्वतःहून बघावं. त्याच वर्षी केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजनाही आली, जामिनासाठी तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत. "पण कोर्टाने रोख रक्कम चालेल म्हटलं तर पैसा कामाचा. जामीनदारच आणा म्हटलं, तर सरकार माणूस कुठून देणार?"

"मग जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर सोडा, विषय संपला," मास्तर म्हणाले.

"आणि तारखेला आलाच नाही तर?" संद्या. "कोर्ट वॉरंट काढणार, पोलीस शोधणार, मी चकरा मारणार. गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर परत मिळालीय, पण निकालापर्यंत विकता येत नाही. तो आत असो की बाहेर, माझी गाडी आहेच कच्ची कैदी."

सगळे हसले. मला मात्र वाटलं, पक्याच्या बाजूने सगळ्यात भारी साक्ष संद्यानेच दिली. चोराला आत डांबून संद्याची गाडी एक दिवस तरी आधी मोकळी झाली असती का? खटला लवकर संपला असता तर दोघंही सुटले असते, चोर शिक्षा भोगून आणि हा गाडी विकून. हे मी बोललो, तर संद्या म्हणाला, "तू आधी चहाचे पैसे दे."

बाळूने विचारलं, "तुझ्या गल्लीतलाच गरीब पोरगा असता संद्या, तर राहिला असतास जामीन?"

"मी सख्ख्या मेव्हण्याला नाही राहिलो!"

"बघा," पक्या म्हणाला आणि उठला. सकाळी त्याला एका पक्षकाराच्या मामाच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलला जायचं होतं. बाळूने सोडतो म्हटलं, मीटरप्रमाणे. त्यावरून नवा वाद सुरू झाला.