ते आरसे नुसते कागदावर राहिले नाहीत

अठराव्या शतकातल्या युरोपीय आरशांच्या कोरीव लाकडी चौकटींच्या छापील नमुन्यांचा फोटो फिरू लागला की त्याच्यासोबत एक मजकूरही फिरतो : चित्रकारांना धड काढता येत नव्हतं, म्हणून आरशाची डावी-उजवी बाजू जुळत नाही, हा सगळा राजेरजवाड्यांचा शौक, आणि असे आरसे प्रत्यक्षात कधी बनलेच नाहीत. हे तिन्ही चूक आहे. यात कारागिरांवर अन्याय होतो, म्हणून लिहिते आहे.

आधी बाजूंचं. थॉमस चिपेंडेल या इंग्रज फर्निचर बनवणाऱ्याच्या 'डायरेक्टर' या नमुन्यांच्या पुस्तकातलं आरशाचं एखादं पान घ्या आणि अर्धी चौकट हाताने झाका. उरलेला अर्धा भाग स्वतंत्र नमुना आहे, झाकलेला दुसरा. चित्र छापण्यासाठी लागणारा तांब्याचा पत्रा आणि त्यावर कोरण्याची मजुरी महाग, म्हणून एकाच पत्र्यावर दोन पर्याय. गिऱ्हाइकाने एक निवडायचा आणि लाकूड कोरणाऱ्याने तोच पलीकडे उलटा फिरवायचा. काही ठिकाणी बाजू मुद्दामच वेगळ्या आहेत हेही खरं. रोकोको या त्या काळच्या वळणदार नक्षीच्या शैलीला ते आवडायचं. आणखी एक गंमत म्हणजे पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. त्यामुळे दुसऱ्याचं छापील चित्र कुणी जसंच्या तसं कोरलं, तर नकलेत डावं उजवीकडे जातं.

शौकाचं थोडक्यात : 'डायरेक्टर'च्या १७५४ च्या वर्गणीदारांत, म्हणजे पुस्तकासाठी आगाऊ नाव नोंदवणाऱ्यांत, उमराव आहेत, पण कारागीर त्यांच्याहून जास्त.

राहिलं 'बनलेच नाहीत'. हा आक्षेप तेव्हाही होता. चिपेंडेलने प्रस्तावनेतच सांगून टाकलं की कुशल हाताला जमणार नाही असं यात काही नाही, आणि अशक्य म्हणणारे द्वेषाने, अज्ञानाने किंवा स्वतःला येत नाही म्हणून बोलतात. असे नमुने छापणारे थॉमस जॉन्सन आणि मॅथायस लॉक तर स्वतः लाकूड कोरणारे. लाकडावर खडू-सरसाचे थर चढवल्यावर नक्षीच्या कडा बुजतात. मग त्या पुन्हा कोरून वर सोन्याचा वर्ख. हे माहीत असलेल्या माणसांनी ही चित्रं काढली आहेत.

सॉमरसेटमधल्या हिंटन हाउससाठी बनलेला लॉकचा आरसा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्याची हाताने काढलेली रेखाटनंही तिथेच आहेत, आणि कोरीवकामाला किती दिवस लागले, मजुरी किती झाली, याच्या नोंदी त्यांवर त्याने करून ठेवल्या आहेत.