तुम्ही एकटेच आहात ना?

या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह शोभेचं असतं, आत हुकूम असतो. रेल्वेत खिडकी मिळवून बसलो की हे वाक्य येतं. हॉटेलात पंख्याखालचं टेबल पकडलं की येतं. गेल्या रविवारी ते पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये, ब्रॅड पिटचा 'एफ वन' हा मोटारशर्यतींचा सिनेमा सुरू व्हायच्या बेतात असताना आलं. मागून तिसरी रांग, कडेची खुर्ची, आठवडाभर आधी ठरवून घेतलेली. तिथे पाय लांब करता येतात आणि मध्येच उठावं लागलं तर दहा जणांच्या गुडघ्यांची माफी मागावी लागत नाही.

"अहो दादा, एक मदत कराल? आमचा मुलगा तिकडे पुढे बसलाय हो, एकटा पडलाय बिचारा. आम्ही सगळे इथे. तुम्ही एकटेच आहात ना?" शेजारच्या ताई म्हणाल्या.

मुलगा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुसरी-तिसरीतलं पोर आलं. पुढून जो उठून आला त्याला माझ्यापेक्षा दाट मिशी होती. "थँक्यू अंकल," म्हणत तो जवळजवळ पळतच माझ्या खुर्चीत जाऊन पडला. तोंडावर इतका आनंद की मला वाटलं, आईवर फार जीव दिसतोय.

नवी जागा पडद्यापासून तिसऱ्या रांगेत. तिथून ब्रॅड पिट एकसंध दिसत नाही. आधी हनुवटी बघायची, मग मान वळवून कपाळ. शेजारच्या खुर्चीत पांढरा शर्ट, पांढरी टोपी घातलेले एक काका मांडी घालून बसले होते. मल्टिप्लेक्सच्या खुर्चीत मांडी मावते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"बसा, बसा सायेब. जागा बक्कळ हाय," काका म्हणाले.

राष्ट्रगीत झालं, तंबाखूचे दुष्परिणाम झाले, सिनेमा सुरू झाला. पिट एका जुन्या व्हॅनमध्ये झोपलेला असतो. तो उठला, तसे काका सरसावून बसले.

"मुक्कामी गाडी हाय वाटतं."

मी हसून मान हलवली. ज्यांनी रात्री गावात थांबणारी आणि पहाटे तिथूनच सुटणारी लाल गाडी पाहिली आहे, त्यांना हा विनोद कळेल. पण काका विनोद करत नव्हते. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते, वाई डेपोचे. हयात पसरणी आणि आंबेनळी घाटात गेलेली. पुढचे अडीच तास हॉलिवूडची खातेनिहाय तपासणी होणार होती आणि साक्षीदार म्हणून मी बसलो होतो.

"ह्या गाडीत पॅसेंजर कुठं बसत्यात?"

"नसतात काका. एकट्याचीच गाडी असते."

"मग परवडतं कसं?"

हा प्रश्न फॉर्म्युला वनच्या संघमालकांनाही पडतो आणि या सिनेमातल्या मालकाला तर फारच पडलेला आहे. हाविएर बार्देमचा संघ कर्जात बुडालाय, म्हणून तो तीस वर्षांपूर्वी मागे पडलेल्या जुन्या मित्राला, म्हणजे पिटला, शोधत येतो. हे मी कुजबुजत सांगेपर्यंत काका पुढे निघून गेले होते.

"ह्यो सुटला कुठनं आन् चाललाय कुठं?"

"कुठेच नाही. गोल ट्रॅक आहे. तेवढ्यातच फेऱ्या मारायच्या."

काकांनी बराच विचार केला. गाड्या इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या वळणांवरून तीन-चार वेळा घोंघावून गेल्या.

"म्हंजी डेपोतच फिरतोय."

त्यानंतर मला ती शर्यत शर्यत म्हणून दिसेना. कुठल्या तरी स्टॅंडच्या आवारात एक वेडा माणूस गाडी घेऊन गोल फिरतोय आणि कंट्रोलर बघत उभा आहे, असंच दिसायला लागलं. या सिनेमासाठी पिटने खरोखर रेसगाडी चालवली, गाडीवर त्यासाठीच बनवलेले छोटे कॅमेरे बसवले, खऱ्या शर्यतींच्या दिवसांत खऱ्या ट्रॅकवर चित्रीकरण केलं, खऱ्या शर्यतींतला ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन स्वतः निर्मात्यांपैकी एक. ही सगळी माहिती मी घरून जमवून गेलो होतो. ती सांगायची संधी मिळाली नाही. काका म्हणाले, "हॉर्न न्हाई, हेडलाइट न्हाई, इंडिकेटर न्हाई. पासिंग कुणी केलं?"

मग ड्रायव्हरच्या कानातला रेडिओ सुरू झाला. "त्येच्या कानात सारखं कोण बोलतंय?"

"त्याचा इंजिनीअर. बाहेर बसून सांगतो, पुढे काय करायचं ते."

"कंडक्टर."

"नाही काका, इंजिनीअर."

"कंडक्टरच. आमचा दोन घंट्या मारायचा, की निघायचं. एक मारली की थांबायचं. येवढं बोलायला लागत न्हवतं."

इथे मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, प्लीज, जरा हळू!" मी वळून सहानुभूतीने हसलो. तर तो तरुण माझ्याकडेच बघत होता. काका मलाच म्हटलं होतं. खऱ्या काकांना कुणी काही बोललं नाही. ते टोपीमुळे सुटले.

यावर मला जरा सविस्तर तक्रार करायची आहे, आणि ती काकांबद्दल नाही. मी समीक्षक नाही. ऑफिसात डोकं उठलं की मी इंग्रजी मारधाडीचा सिनेमा बघतो. मला कळणारी मारधाड असेल तर माझी काही मागणी नसते. पण गेल्या काही वर्षांत हे लोक हाणामारी करायची सोडून समजावून सांगायला लागले आहेत. 'मिशन इम्पॉसिबल'चा २०२५चा शेवटचा भाग घ्या. पावणेतीन तासांचा चित्रपट आणि त्यातला पहिला तासभर सगळी माणसं अंधाऱ्या खोल्यांत उभी राहून आधीच्या भागांत काय झालं ते एकमेकांना दबक्या आवाजात सांगतात. आणि खलनायक कोण? एक संगणकी अक्कल. तिला तोंड नाही, मिशी नाही, मांडीवर मांजर नाही. अल्गोरिदमला थिएटरात बसून शिव्या कशा घालणार? टॉम क्रूझ साठी ओलांडून विमानाच्या पंखाला लोंबकळतो आणि आपला श्वास अडकतो हे खरं, पण तो कुणाच्या मागे लागलाय हे विचारलं तर उत्तर येतं, सॉफ्टवेअरच्या. आमच्या ऑफिसात ते रोज घडतं. त्यासाठी तिकीट काढत नाही आम्ही.

'जॉन विक'चा चौथा भागही तेवढाच, पावणेतीन तासांचा. पण त्याचा मला राग येत नाही. तो माणूस मोजकंच बोलतो आणि सूटचा कोट तोंडासमोर धरून गोळ्या अडवतो. पॅरिसमधल्या त्या लांबलचक दगडी पायऱ्या मारामारी करत चढतो, पार वरपासून खाली गडगडतो आणि पुन्हा चढायला लागतो. मूळ भांडण काय, तर २०१४च्या पहिल्या भागात कुणीतरी त्याचं कुत्रं मारलं. असं स्वच्छ कारण असावं. 'टेनेट' मी बघितला तो मुख्यतः मुंबई बघायला मिळेल म्हणून. गेटवे दिसतं, डिंपल कपाडिया दिसते, बाकी सगळं उलटं जातं. आणि 'मिशन इम्पॉसिबल'च्याच 'फॉलआउट'मधलं काश्मीर बघून मी गहिवरलो होतो, नंतर कळलं की ती हेलिकॉप्टरं न्यूझीलंडमध्ये उडत होती. 'एक्स्ट्रॅक्शन'मध्ये ढाका म्हणून अहमदाबाद दाखवलं, वर पिवळा रंग फासला. पूर्वेकडचा देश आला की यांना पडदा हळदीत बुडवल्याशिवाय चैन पडत नाही.

असो. पडद्यावर पिट मुद्दाम छोट्या छोट्या धडका मारायला लागला होता. त्याने आपल्या गाडीचे तुकडे ट्रॅकवर पाडले की शर्यत मंदावते, मग तरण्या जोडीदाराला पुढे सरकायला वाव मिळतो. मी हे नियमासकट सांगितलं आणि काकांचा चेहरा उतरला.

"मुद्दाम?"

"हो."

"सरकारी गाडी?"

"कंपनीची."

"चार्जशीट," काका म्हणाले. "जागेवर सस्पेंड." आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून, पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याबद्दल मिळालेला बिल्ला अजून कपाटात आहे, हे सांगितलं. त्या क्षणी मला ब्रॅड पिटचाही राग आला. यात अभिनयाचा दोष नव्हता.

आपल्या सेन्सॉर बोर्डाने या सिनेमात एका मेसेजमधली मधलं बोट दाखवणारी खूण काढून तिथे मूठ टाकायला लावली. जगभरच्या प्रेक्षकांनी बोट बघितलं, आपण मूठ बघितली. काकांना मागचा इतिहास मी सांगितला तेव्हा ते मनापासून हळहळले. "ड्रायव्हर मानूस आन् नुस्ती मूठ दावतो? आमच्या खंबाटकीत ट्रॅफिक अडकलं की..." पुढचं इथे लिहिता येणार नाही. मागच्या रांगेने मात्र दाद दिली.

मध्यंतर झालं. म्हणजे केलं. हॉलिवूडवाले मध्यंतर ठेवत नाहीत, म्हणून आपल्याकडे ते कुठेही मारतात. एक बाई बोलायला तोंड उघडते आणि त्या उघड्या तोंडावर दिवे लागतात. ती काय म्हणणार होती ते पॉपकॉर्नच्या रांगेतल्या कुणालाच ठाऊक नसतं. तेवढ्यात मघाच्या त्या ताई वरून उतरून आल्या, हातात टिश्यू पेपरवर दोन मुठी पॉपकॉर्न.

"बाबा, आवडतंय ना?" त्यांनी काकांना विचारलं. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, "माझे सासरे. तुम्ही फार छान सांभाळून घेताय हो. आमच्या मुलाने तर ट्रेलर लागल्यालागल्याच मला मेसेज केला, मम्मी, मी आजोबांजवळ बसणार नाही."

मी वर बघितलं. माझ्या खुर्चीत तो मिशीवाला पाय लांब करून पडला होता. त्याने मला अंगठा दाखवला.

म्हणजे कुणी एकटं पडलेलं नव्हतं. एका कुटुंबाने घरातली ड्यूटी एका अनोळखी माणसावर टाकली होती, कारण तो बायको-पोरांशिवाय आला होता. या देशात एकटा माणूस म्हणजे मोकळी जागा. लग्नाच्या पंगतीत त्याला टेबलाच्या कोपऱ्यावर बसवतात, प्रवासात त्याच्याकडे बॅगा सांभाळायला देतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'तुम्हाला काय घाई आहे' म्हणून इतिवृत्त लिहायला लावतात. त्याने तिकीट घेतलेलं असतं ते त्याचं नसतंच, कुणी चौघं येईपर्यंत त्याच्याकडे ठेवायला दिलेलं असतं. माझी खुर्ची त्या पुढच्या खुर्चीपेक्षा नव्वद रुपयांनी महाग होती. त्याबदल्यात दोन मुठी पॉपकॉर्न. २०२४च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने या खाद्यावर फार खोल विचार करून सांगितलं होतं, सुट्या मसालेदार लाह्यांना ५ टक्के, पाकीटबंद आणि लेबल लावलेल्यांना १२, साखरेत घोळवलेल्यांना १८. टिश्यू पेपरवर भरपाई म्हणून मिळालेल्यांना किती, ते सांगितलं नव्हतं. त्या मऊ पडल्या होत्या.

उत्तरार्धात काका जरा शांत झाले असं मला वाटलं, पण ते टायरपाशी थांबले होते. पिटची गाडी आत आली, माणसांचा घोळका तुटून पडला, अडीच-तीन सेकंदांत चारही चाकं बदलली आणि गाडी गेलीसुद्धा.

"पुन्यांदा दाखवा म्हनावं," काका म्हणाले.

"इथे तसं होत नाही काका."

"आमचं चाक बदलेस्तोवर पॅसेंजर चहा पिऊन, भजी खाऊन यायचं. हिथं मानसाला उतरू बी दिलं न्हाई." मग थोड्या वेळाने, "वय काय ह्येचं?"

"६१."

"मला ५८ला घरी बसवलं." एवढं बोलून ते खरंच गप्प झाले. पडद्यावर अबू धाबीची शेवटची शर्यत सुरू होती, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा उजवा पाय मांडीतून सुटून खाली आलाय आणि वळणावळणाला फरशी दाबतोय. मी काही बोललो नाही. तसं मला बोलायला मिळतच कुठे होतं.

शेवट सांगत नाही. काकांनी मला तो दहाव्या मिनिटाला सांगितला होता.

बाहेर पडताना ताई म्हणाल्या, "बाबांना कंपनी झाली हो!" नव्वद रुपयांचा विषय मी दोनदा ओठांवर आणला आणि दोन्ही वेळा काकांनी पाठीवर थाप मारली. नातवाने त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर टिपून दिला. त्याची तत्परता मला तेव्हाच खटकली होती.

आता रोज सकाळी सूर्योदयावर गुलाब येतो. परवा काकांनी नातवाकडून टॉम क्रूझची रोममधली ती पाठलागाची फीत लावून घेतली, ज्यात हाताला बेडी आणि पिवळी चिमुकली फियाट आहे, आणि मला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात गिअर कुठे चुकला ते वळणानुसार आहे. एका हाताने स्टिअरिंग धरल्याबद्दल स्वतंत्र नोंद आहे. शेवटी नातवाचा आवाज येतो, "अंकल, पुढच्या रविवारी आजोबा फ्री आहेत. तुमच्या शेजारचंच तिकीट काढतो."

तो मेसेज दोनदा ऐकून झालाय. निळ्या खुणा मी केव्हाच बंद केल्या आहेत, पण व्हॉइस मेसेज ऐकला की तो ऐकल्याची खूण तरीही उमटते.